जाहिदाबीची कारल्याची वेल

नांदेडच्या इतवाऱ्यात जाहिदाबीच्या तोंडी लागायची हिंमत दोघांतच होती. एक तिची सून शबाना आणि दुसरा गल्लीतला एक बोकड. बोकडाला तिनं दोनदा चप्पल फेकून मारली होती, तरी तो तिच्याच उंबऱ्यावर येऊन रवंथ करत बसायचा. बाकी मोहल्ला तिच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचा. भाजीवालासुद्धा तिच्या घरासमोर आरोळी देत नसे, चार घरं पुढं जाऊन देई. जिभेला हाड नसतं म्हणतात. या बाईच्या जिभेला हाडही होतं आणि त्या हाडाला धारही होती.

पण हात बघावेत तिचे. जाहिदाबी खाके पाडायची. लग्नाच्या शराऱ्यावर, ओढणीवर, ब्लाउजच्या बाहीवर भरतकाम करायचं तर आधी कापडावर नक्षी उतरवावी लागते. त्यासाठी पातळ बटर पेपरवर नक्षी काढायची आणि मग सगळ्या रेघांवरून सुईनं टोचत जायचं, खसखशीच्या दाण्याइतकं अंतर ठेवून. हा टोचलेला कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्यानं वरून पुसायचं, की भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात आणि त्यावर कारागीर टाके घालत जातो. खाक्याला दोन बाजू असतात. बोट फिरवलं की एक गुळगुळीत लागते, एक खरखरीत. खरखरीत बाजू कापडाकडं. उलटं ठेवलंत की नक्षीही उलटी उतरते, आरशातल्यासारखी. एवढं साधं आहे, पण शिकाऊ माणूस हमखास इथंच चुकतो.

लग्न होतं, वऱ्हाड जेवून जातं, बाया शराऱ्याचं कौतुक करतात आणि नाव होतं दुकानदाराचं. फार तर कारागिराचं. खाका पाडणारी कोण, हे कोण विचारतो? भात खाणारा चुलीची चौकशी करत नाही.

तिच्या अब्बांचाही हाच धंदा. त्यांचा एक नियम होता: खाका मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. शंभरदा पुसला तरी भोकं तिथंच राहतात, आपलं काय झिजतं? जाहिदाबीनं हा नियम आयुष्यभर पाळला, मात्र आपल्या तऱ्हेनं. खाका द्यायची आणि देताना मागणारीच्या माहेरापर्यंत पोचायची. मागच्या खेपेला कागद चुरगाळून आणला होतास, तुझ्या हातांना काय काटे आलेत, आणि हात धुऊन कागद धरायचा हे आईनं तुला कधी शिकवलं का नाही. बाया ऐकून घ्यायच्या. खाका तर मिळायचा ना! असे तिचे खाके नांदेडहून कंधारला, देगलूरला, उदगीरला, लातूरला फिरून आले. काही आलेच नाहीत. कागदावर नाव लिहायची पद्धत तिच्या घरात नव्हती. कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

त्या सगळ्यांत एक वेल होती. कारल्याची. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अंगणातल्या मांडवावर चढलेल्या वेलीसमोर बसून तिनं ती काढली होती. दातेरी पान, पानाआड लपलेलं बोटभर कारलं, आणि पानाच्या बगलेतून निघून उजवीकडं दोन वेढे घेणारा बारीक ताणा. कारल्यासारखी कडू भाजी कुणाच्या लग्नाच्या बाहीवर शोभेल असं कुणाला वाटलं नसतं. पण शोभली, आणि अशी शोभली की तीस वर्षं तिचीच मागणी.

दोन हजार चौदा साली बिलोलीला एका लग्नात काय झालं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. पंगतीत जाहिदाबीशेजारी एक ठसठशीत बाई येऊन बसली. तिच्या बाहीवर तीच वेल. जाहिदाबीनं विचारलं, काम कुठलं? बाई म्हणाली, हैदराबादचं, खास करवून घेतलंय. जाहिदाबी म्हणाली, ही वेल माझी आहे. बाईनं तिच्याकडं चपलेपासून डोक्यापर्यंत बघितलं, ‘हो का?’ म्हणाली, हसली, आणि वाढप्याला हाक मारून रस्सा मागितला.

बास, एवढंच. जाहिदाबी न जेवता उठली. भांडलीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा. घरी येऊन दोन दिवस गप्प होती, तेव्हा शबाना घाबरली आणि डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागली. तिसऱ्या दिवशी जाहिदाबी बोलली. आपल्याला पैसा नको, मान नको, काही नको, पण मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्या वेलीखाली आपलं नाव लिहिलेलं बघायचंय. छापील.

नवरा सलीम दहा वर्षांपूर्वी वारला होता, मुलगा अमान पुण्याला एसी दुरुस्तीच्या कामावर. घरात सासू आणि सून दोघीच, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. शबाना श्यामनगरात एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायची, प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायची. डॉक्टर व्हायला निघालेली दीडएक हजार पोरं आणि त्यांच्या मागं जमिनी विकून आलेले आईबाप दिवसभर तिच्या टेबलासमोर. सासूचं तिला भय नव्हतं ते त्यामुळंच. तिनंच मोबाइलवर ती जाहिरात बघितली.

लातूरला गंजगोलाईत गुरुबसप्पा शेटजींचं कापडाचं जुनं दुकान. त्यांचा मुलगा रुद्रेश पुण्याहून इंजिनिअर होऊन आला आणि दुकानात बसायच्या ऐवजी वेबसाइट काढून बसला. नाव ‘आपली नक्षी’. कल्पना अशी की नक्षी कुणीही पाठवावी. घरातल्या बाईनं, शाळेतल्या मास्तरनं, कुणीही. लोकांनी मोबाइलवर बघावी, मत द्यावं, सूचना करावी. जिला सगळ्यांत जास्त मतं, तिच्या पाचशे कुर्त्या निघणार, काढणाऱ्याला विक्रीतला वाटा मिळणार, आणि प्रत्येक कुर्तीच्या गळ्याआत लेबल: नक्षी अमुक अमुक यांची, गाव तमुक. अट एकच. नक्षी स्वतःची, अस्सल हवी.

वाटा जाहिदाबीनं ऐकलाच नाही. लेबल ऐकलं.

आता इथं तिनं जी चूक केली ती तिच्यासारखीच बाई करू जाणे. पेटीत तिनं कुणाला न दाखवलेले सात-आठ नवे खाके पडून होते. शहाण्या माणसानं त्यातला एक काढला असता. शबाना तेच म्हणत होती. पण जाहिदाबीचा हिशेब वेगळा. जी वेल तीस वर्षं सगळ्यांनी अंगावर मिरवली, जी मागायला लोक दारात शिव्या खात उभे राहिले, तीच खरी. नाव लावायचं तर तिला लावायचं, पेटीतल्या कुमारिकांना कशाला? झालं. वेलीचा फोटो गेला. खाली लिहिलं, जाहिदाबी, इतवारा, नांदेड.

शबानानं क्लासच्या पोरींना कामाला लावलं. फॉर्मवरचे नंबर तिच्या हाताशीच होते. हे बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. वसतिगृहातल्या खोल्याखोल्यांतून मतं पडायला लागली. फिजिक्सचा पेपर गेला चुलीत, पोरी वेलीला मतं देत बसल्या. आणि मतांबरोबर आल्या सूचना. अगं बाई, त्या सूचना! एकीनं लिहिलं, ताणे काढून टाका, मॉडर्न दिसेल. दुसरीनं विचारलं, कारल्याऐवजी स्ट्रॉबेरी चालेल का. कुणी एक उंटावरचा शहाणा म्हणाला, पानं जरा गोल करा, टोचतात. शबाना वाचून दाखवायची आणि जाहिदाबी उत्तर सांगायची. ती उत्तरं इथं देता येणार नाहीत. शबाना निमूटपणे टाइप करायची, ‘धन्यवाद, नक्की विचार करू.’ चाळिसेक जणांना जाहिदाबीकडून असे धन्यवाद गेले. बिचाऱ्यांना आपण काय खाऊन बसलोय याची कल्पना नाही.

दोन हजारांवर मतं झाली. वेल पहिली. दुसऱ्या नंबरला कुणीतरी काढलेला मोर होता, तो पार आठशेवर. जाहिदाबी गल्लीत खुर्ची टाकून बसायला लागली. बोकडाला तिनं त्या आठवड्यात एकदाही मारलं नाही.

मग लातूरच्या पोरी जाग्या झाल्या.

लातूरला कोचिंगच्या पोरींच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असते. खाकी कापड, जाड शिवण, वर भरलेली वेल. भूकंपाच्या गावातल्या बायांचा, पत्र्याच्या शेडांत सुरू झालेला गट ती करतो आणि क्लाससमोर टेबल मांडून विकतो. वह्या बसतात, डबा बसतो, स्वस्त पडते. त्यातल्या एका पोरीनं आपल्या पिशवीचा फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं: ही तर शेडची वेल. भूकंपग्रस्त बायांची वेल चोरून नांदेडची कोण बाई स्वतःच्या नावावर खपवते आहे?

वणवा पेटला. तासाभरात पन्नास पिशव्यांचे फोटो. नीट बघा, एकीनं लिहिलं, पिशवीवर ताणा डावीकडं वळतो, हिच्या फोटोत उजवीकडं. म्हणजे बाईनं फोटो उलटा करून टाकलाय, चोरी लपवायला. वा रे हुशारी! कुणी म्हणालं, मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खाते. काल ज्यांनी मत दिलं होतं त्यांनीच आज थू केलं. जाहिदाबीचं नाव वाचून दोघातिघांनी तिच्या जातधर्मावर जे लिहिलं ते शबानानं वाचून दाखवलं नाही, पुसून टाकलं. पण सुनेचा चेहरा सासूनं बघितला आणि काय असेल ते ओळखलं.

जाहिदाबी पेटून उठली होती, पण तिला एक गोष्ट ताबडतोब कळली. वेल तिथं कशी पोचली, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनंच नेली होती.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवल्याच्या रात्री, पहाटेच्या सुमाराला जमीन हलली. नांदेडात मांडणीवरची भांडी वाजली, तिकडं लातूरच्या बाजूला गावंच्या गावं झोपेत गेली. त्यानंतरच्या जानेवारीत एका संस्थेनं शेडमध्ये राहणाऱ्या बायांना भरतकाम शिकवायला कुणी हवं म्हणून इतवाऱ्यात विचारलं आणि जाहिदाबी तीन महिने औशाच्या बाजूला एका गावात जाऊन राहिली. पत्र्याची शेडं, दिवसा भट्टी, पहाटे बर्फ. मोटारी भरभरून माणसं यायची, बायांना विचारायची तुमचं कोण कोण गेलं, रडायची, फोटो काढायची, ब्लँकेटं टाकून निघून जायची. जाहिदाबीला त्या माणसांचा भयंकर राग यायचा. तिनं तीन महिन्यांत एकाही बाईला विचारलं नाही की तुझं कोण गेलं. सुई धर म्हणाली. चुकलं तर उसव म्हणाली. सगळं जग ज्यांना बिचाऱ्या म्हणत होतं त्यांना तिनं एकदाही बिचारी म्हटलं नाही, कामाला लावलं. तिच्या मते याहून मोठा मान नव्हता. निघताना अकरा खाके मागं ठेवून आली. त्यात कारल्याची वेल होती.

रुद्रेशचा फोन आला. बोलायला गोड पोरगा. म्हणाला, मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण पब्लिक ऐकत नाही. पिशव्यांच्या गटाची प्रमुख गंगम्मा म्हणून आहे. तिनं एवढं लिहून दिलं की वेल आम्ही तुमच्याकडून शिकलो, तर लेबलवर तुमचंच नाव. नाहीतर तिचं. आठ दिवस थांबतो, कुर्त्या छपाईला जायच्यात.

जाहिदाबीनं त्याला सांगितलं की चोर तो चोर वर शिरजोर अशी ही दुनिया, आणि तुझ्या पब्लिकच्या तोंडात कारल्याचा रस घाल. फोन शबानानं घेतला. उद्याच गंगम्माकडं जाऊन येतो म्हणाली.

सकाळच्या लालपरीनं दोघी निघाल्या. लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस दणकत होती आणि जाहिदाबी वाटभर तोंड चालवत होती. कोण ही गंगम्मा? मला तर नाव आठवत नाही. वीस बाया होत्या, सगळ्या सारख्याच, सुई धरता येत नव्हती एकीला. मी नसते तर आज पिशव्या विकल्या असत्या का? शबाना ऐकत होती. अहमदपूर गेल्यावर तिनं सासूला एवढंच बजावलं की तिथं आपल्याला काम आहे, भांडण नाही. आज एक दिवस तोंड सांभाळा, एक दिवस. जाहिदाबी खिडकीकडं तोंड करून बसली. सांभाळीन म्हणाली. तिनं खरंच ठरवलं होतं.

लातूरहून जीपनं गाव. जुन्या जागेपासून लांब, सरकारनं आखून बांधलेलं, सगळे रस्ते सरळ, सगळी घरं एकासारखी एक. गटाचं काम समाजमंदिराच्या ओसरीत चालायचं. अठरा बाया सतरंजीवर बसून पिशव्या भरत होत्या. जाहिदाबी पायरीवरूनच ओरडली, गंगम्मा कोण तुमच्यात?

मधे बसलेली इरकल नेसलेली, कपाळाला भस्म लावलेली, पंचावन्नच्या आसपासची बाई वर न बघताच म्हणाली, ‘आल्या का मास्तरीणबाई. आवाज अजून त्योच हाय.’

म्हणजे ओळखलं होतं. शबानाचा जीव भांड्यात पडला. पाणी आलं, बसायला जागा झाली. शबानानंच सगळं सांगितलं, वेबसाइट, मतं, लेबल, रुद्रेशचा निरोप. गंगम्मानं सुई थांबवली नाही. शेवटी दोरा तोडला आणि सरळ जाहिदाबीकडं बघून बोलली.

‘वेल तुमचीच हाय. पोरींनी मोबाइलवर दावली तवाच वळखली म्या. त्यात काई वाद न्हाई.’

‘मग दे लिहून,’ जाहिदाबी म्हणाली.

‘न्हाई देणार.’

ओसरीतल्या सगळ्या सुया थांबल्या. जाहिदाबीच्या गळ्याशी आलेलं शबानानं तिच्या हातावर हात दाबून अडवलं. गंगम्मा रागात नव्हती, हेच वाईट होतं. ती अगदी सावकाश बोलत होती, वीस वर्षं मनात घोकलेलं बोलावं तसं.

‘माझी महानंदा सात वर्षांची हुती. चार महिने झाले हुते तिला जाऊन. त्या चार महिन्यांत म्या काई म्हंजी काई केलं न्हवतं, भाकर सुदिक दुसरी थापायची. तुमी सुई दिली. पंधरा दिस बसून म्या हातभर वेल भरली. पुरी केली. तुमी आल्या, बघितलं, म्हणल्या खाका उलटा ठेवलाय. आन् सगळ्या बायांसमोर कात्री घिऊन उसवली. म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या बाई, एवढी ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणल्या, चुकीचं ठिऊन काय करायचं.’

जाहिदाबीला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर अजिबात आठवत नव्हतं. तीन महिन्यांत तिनं इतकं उसवलं होतं, इतक्या जणींचं, की त्यात हा चेहरा कुठं होता, महानंदाची आई कुठं बसायची, काही डोळ्यांपुढं येईना. तिनं विचारलंच नव्हतं ना, कुणाचं कोण गेलं.

‘तुमी गेल्या की म्या परत भरली,’ गंगम्मा म्हणाली. ‘तशीच. उलटी. ह्या समद्या बायांना बी तशीच शिकवली. आता ऐका. म्या कागद देते, सही करते, लातूरला यीऊन त्या पोराला तोंडानं बी सांगते. तुमी फकस्त ह्या बायांसमोर एवढं म्हणा की गंगम्मा, त्या दिवशी माझं चुकलं. बास.’

शबानानं सासूकडं बघितलं. दोन शब्द. अहो, दोन शब्दांत काय जातं माणसाचं? बिलोलीच्या त्या बाईचं हसणं जाईल, मोबाइलवरची थुंकी जाईल, पाचशे कुर्त्यांच्या गळ्याआत जाहिदाबी, इतवारा, नांदेड असं छापून येईल. शबाना मनातल्या मनात दुआ मागत होती.

आणि जाहिदाबीला ते म्हणायचं होतं. हे कुणाला पटणार नाही, पण खरंच म्हणायचं होतं. तिला सांगायचं होतं की बाई, मी तुला विचारलं नाही, कारण जे येत होते ते नुसतं विचारूनच निघून जात होते. तुझी वेल उसवली ती तू बिचारी नाहीस म्हणून, तुला नीट येईल अशी माझी खात्री होती म्हणून. एवढं सगळं तोंडाशी आलं होतं. आयुष्यभर कधी न अडखळलेली जीभ नेमकी आज सुकली. तिनं नजर खाली वळवली. मांडीजवळ कुणाची तरी अर्धी भरलेली पिशवी पडली होती. तिचं बोट सवयीनं वेलीवरून फिरायला लागलं. पान बरोबर. कारलं बरोबर. ताणा डावीकडं. पुढचा ताणा, तोही डावीकडं. वीस वर्षं, हजारो पिशव्या, सगळे ताणे डावीकडं.

‘गंगम्मा,’ ती म्हणाली. आवाज मऊ होता, शबानानं असा कधी ऐकला नव्हता. ‘त्या दिवशी...’

सगळ्या जणी पुढं झुकल्या.

‘त्या दिवशी खाका उलटाच ठेवला होतास तू.’

सुंभ जळतो, पीळ राहतो. शबानानं डोळे मिटून घेतले. एक म्हातारी तोंडाला पदर लावून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

गंगम्मानं थोडा वेळ मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. मग ती उठली, जाहिदाबीच्या मांडीजवळची पिशवी उचलून घेतली, आणि म्हणाली, ‘मंग झालं तर, मास्तरीणबाई. तुमचा खाका सरळ हुता. ही वेल उलटी हाय. पोरींच्या खांद्यावर हाय ती उलटी, बाजारात चालती ती उलटी. तुमची ही न्हवंच. तुमी तर ती उसवून टाकली.’

कात्री तिचीच होती आणि न्यायही तिचाच. चहा आला. तो न पिता उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून दोघींनी प्यायला. मग दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. अहमदपूरला बस थांबली तेव्हा जाहिदाबीनं सुनेला विचारलं, त्या पोरीचं नाव काय म्हणाली ती? महानंदा, शबानानं सांगितलं.

रुद्रेशनं कुर्त्या काढल्या. वेल पिशवीवरची, ताणे डावीकडं. पब्लिक खूश. महिन्याभरात पाचशेच्या पाचशे संपल्या, मग आणखी पाचशे काढल्या. लेबलवर छापलं होतं: शेडची वेल, नक्षी गंगम्मा आणि सख्यांची. शबानानं सासूला न विचारता एक विकत घेतली, निळी. जाहिदाबीनं चष्मा लावून खालून वर, वरून खाली तपासली आणि जाहीर केलं की सगळी उलटी आहे, कारागिराला अक्कल नाही, असल्या कामावर आपलं नाव नाही ते फार बरं झालं. मोहल्ल्यात ज्यानं विचारलं त्याला तिनं हेच सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की आता कुणी तो विषय काढत नाही.

ती कुर्ती शबाना अजून क्लासला घालून जाते. ज्या दिवशी ती घालते त्या दिवशी जाहिदाबी तिला दारातून परत बोलावते, शिवण उसवलीय का बघू दे म्हणते, मानेमागून गळा उलटून लेबल वाचते. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचते आणि मग म्हणते, जा आता, उशीर होईल.